एर्लांगेनची लोहारीण

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी बायका नटूनथटून जमतात. बाहेर बर्फाचा चिखल, आत पैठण्या. तिथंच मी लोहारीणताईंना पहिल्यांदा पाहिलं. म्हणजे आधी त्यांचा हात पाहिला. अत्तर लावायला म्हणून मी तो उलटा केला, तर मनगटापासून कोपरापर्यंत तीळ शिंपडावेत तसे भाजल्याचे डाग. काही जुने, पांढरे पडलेले, एकदोन अगदी ताजे. मी नुकतीच लग्न होऊन आलेली, मनात नको नको ते आलं. त्यांनी ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. "नवऱ्यानं नाही गं दिले," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "ठिणग्यांचे आहेत. श्रीकांत बिचारा चहाचं पातेलंसुद्धा दोन फडक्यांनी धरतो."

सोमवार ते शुक्रवार त्या वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायच्या. वय पन्नाशीच्या पुढं, केस आखूड, आवाज शाळेच्या मैदानावर चालेल असा. आणि मे ते ऑक्टोबर, शनिवार-रविवार, आसपासच्या गढ्यांवर ज्या मध्ययुगीन जत्रा भरतात तिथं त्या एका हौशी मंडळींच्या फेराइनतर्फे, म्हणजे संस्थेतर्फे, लोहारकाम करून दाखवायच्या. पगार नाही, मानधन नाही, वर अंगभर काजळी. 'लोहारीण' हे नाव मराठी मंडळातल्या कुणीतरी पाठीमागं ठेवलेलं होतं. ते कानावर आल्यावर चिडायचं सोडून त्यांनी तेच उचललं. गणपतीच्या वर्गणीच्या ग्रुपवर "लोहारीण येणार, दोन माणसं, मोदक आणते" असा त्यांचा निरोप यायचा.

मला जत्रेत नेलं ते त्यांनीच, आणि विचारून नव्हे. मी मूळची आळशी. त्यात जर्मनीतला रविवार म्हणजे दुकानं बंद, रस्ते रिकामे, शेजारी ड्रिलसुद्धा चालवू देत नाहीत. नवरा लॅपटॉपात आणि मी खिडकीत, असे माझे दिवस चालले होते. एका गुरुवारी ताईंचा फोन आला. "शनिवारी सकाळी स्टेशनवर ये. सुती कपडे घाल. ते लेगिंग-बिगिंग नको, ठिणगी पडली तर कातडीला चिकटेल." मी म्हटलं, "पण ताई, मला त्यातलं काही येत नाही." "येत असतं तर बोलावलं नसतं. येणारी माणसं फार शहाणपणा करतात," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्या पहिल्याच दिवशी मी फेराइनची लाज काढली. नियम असा की, बघ्यांना अडवायला बांधलेल्या दोरीच्या आत जे दिसेल ते सगळं जुन्या काळातलं हवं. घड्याळ नको, प्लास्टिक नको, मशीनची शिलाई दिसता कामा नये. हे सगळं मी पाळलं. नेमकी एकादशी होती, म्हणून मोठ्या मनानं सगळ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी करून नेली, तीही घासूनपुसून पितळी डब्यात. फेराइनचे प्रमुख क्लाऊस म्हणून एक उंच, अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांनी डब्यात पाहिलं, एकेक जिन्नस विचारून घेतला आणि हळूच डब्यावर फडकं टाकलं. बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद, चारही अमेरिकेतून आलेले. त्या काळातल्या युरोपात कुणी पाहिलेलेही नव्हते. ताई इतक्या हसल्या की त्यांना ऐरणीला धरून उभं राहावं लागलं. "अगं, जिरं आणि तूप तेवढं वाचलं! आपला उपास म्हणजे सगळा कोलंबसाच्या कृपेनं!" शेवटी आम्ही ती खिचडी गाड्यांच्या पार्किंगमध्ये, एका व्हॅनच्या आडोशाला उभं राहून खाल्ली. क्लाऊसनी डबा चाटूनपुसून स्वच्छ केला आणि मग पुन्हा गंभीर चेहऱ्यानं ते मध्ययुगात परत गेले.

भट्टीपाशी ताईंचा दरारा होता. माणसांच्या बाबतीत त्या कमालीच्या उतावळ्या, पण लोखंडाच्या बाबतीत आईसारख्या. तापलेल्या लोखंडाचे रंग ओळखायचे त्यांचे स्वतःचे शब्द होते. आधी डाळिंब, मग गाजर, मग आमरस. आमरस दिसला की सळई बाहेर काढायची. त्याच्या पुढं गेलात की पांढऱ्या ठिणग्या उडतात आणि लोखंड जळून वाया जातं. हे शब्द त्यांनी सगळ्या फेराइनला शिकवले होते. निळ्या डोळ्यांचे, दाढ्या राखलेले बवेरियन बाप्ये घामाघूम होऊन "आमरास! आमरास!" असं ओरडतायत, हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांना मी काय सांगू? एकानं मला विचारलंही, हा तुमच्याकडचा अग्नीचा देव का? ताई म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. एप्रिल-मेमध्ये प्रसन्न होतो."

कुणाची सूचना ऐकून घेणं मात्र त्यांच्या रक्तात नव्हतं. क्लाऊस तिथले जुने, त्यांनीच ताईंना पहिला खिळा घडवायला शिकवला, पण त्यांनी "थोडं डावीकडून..." एवढं म्हटलं की ताई हातोडा त्यांच्या पुढं धरायच्या. "आल्झो, बरं तर, घ्या. तुम्हीच करा." क्लाऊस दोन पावलं मागं सरायचे. ऐरणीपाशी एकाच माणसानं बोलायचं, हा ताईंचा कायदा होता आणि ते माणूस कोण, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती.

एवढी चांगली नोकरी, घर, पुण्याला फ्लॅट, मग हा उपद्व्याप कशाला, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्या एक उलथनं घडवत होत्या. आमच्याकडे एर्लांगेनमध्ये कुणाचं लग्न झालं की ताईंचा आहेर ठरलेला, हाती घडवलेलं उलथनं. पात्याची कड ऐरणीवर सपाट करत त्या म्हणाल्या, "दिवसभर मी दुसऱ्यांच्या चुका शोधते. पगारच त्याचा आहे. इथं निदान चूक माझी असते." मग, माझ्याकडे न बघता, "शिक्षण बाबांनी ठरवलं. जर्मनी श्रीकांतच्या कंपनीनं ठरवली. हे एवढंच मी ठरवलंय." त्या क्षणी मला त्या फार आवडल्या. मी आपली कोळसे फोडत राहिले.

एका वर्षी हंगामाची शेवटची जत्रा आणि खंडेनवमी एकाच रविवारी आली. जर्मन कॅलेंडरवर चालणाऱ्या माणसाला तिथी कुठली लक्षात? ताईंनी दुपारच्या मोठ्या प्रात्यक्षिकाला वसंतातच होकार देऊन टाकला होता. सकाळी पुण्याहून त्यांच्या सासूबाईंचा फोन आला, तेव्हा उजेड पडला. मी पोचले तर भट्टी थंड, ऐरणीवर बाल्कनीतल्या झेंडूची फुलं, हातोड्यांना, सांडशांना हळदकुंकू. आज हत्याराला हात लावायचा नाही, म्हणजे नाही. क्लाऊस कासावीस झाले. "पण लोक येणार आहेत! पाटीवर लिहिलंय!" "वर्षभर मी त्यांना बडवते," ताई ऐरणीकडे हात करून म्हणाल्या, "एक दिवस त्यांचा." क्लाऊसनी दाढी कुरवाळली. मग ते बाकावर चढले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगून टाकलं की, जुन्या काळी आपल्याकडेही लोहारांच्या संताच्या दिवशी भट्टी पेटत नसे, आज तुम्हाला तीच प्रथा बघायला मिळते आहे. तासाभरात विणकरीणबाई आपली फणी घेऊन आल्या, चांभारकाम करणारा आरी घेऊन आला, मातीकामवाली चाक उचलता येईना म्हणून ताईंनाच ओढत घेऊन गेली. कुंकू पुरेना. नारळ फोडू का, असं ताईंनी विचारल्यावर क्लाऊसनी गंभीरपणे मान डोलावली. नारळ त्या काळात राजेरजवाड्यांकडे पोचला होता म्हणे, तेव्हा तो चालेल.

पुढच्या वसंतात त्यांचा उजवा खांदा धरला. आधी त्यांनी तो लपवला, मग कोट घालताना ओरडल्या, तेव्हा श्रीकांतदादांनी धरून ऑर्थोपेडकडे, हाडांच्या डॉक्टरांकडे, नेलं; मीही सोबत गेले. स्कॅन झालं, तेही ताईंच्याच कंपनीच्या यंत्रावर. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावलं, तर ताई पुढं वाकून म्हणाल्या, "इमेज क्वालिटी छान आलीय." डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्या छान चित्रात खांद्याचा स्नायू कुठं फाटलाय ते दाखवलं. हातोडा बंद करा, नाहीतर हा हात खांद्याच्या वर जाणार नाही, पुढं तर कपही उचलता येणार नाही. एवढं स्पष्ट बोलणारे डॉक्टर मला आवडतात. ताईंना आवडले नाहीत. दादांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "प्राजक्ता, माझं ती ऐकत नाही. तू तरी सांग." मी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "हात राहील आणि मी नसेन, असं नकोय मला."

तोडगा त्यांनीच काढला. लोहारकामात एक जुनी रीत आहे. मुख्य लोहार छोट्या हातोडीनं लोखंडावर टक् करून जागा दाखवतो आणि समोरचा घणवाला नेमका तिथं घाव घालतो. जोर त्याचा, नजर लोहाराची. घणवाली म्हणून त्यांनी मला उभं केलं. मला! जिनं आयुष्यात वरवंट्यापेक्षा जड काही उचललं नव्हतं. पहिल्या आठवड्यात माझे तळवे सोलून निघाले, आणि ताईंच्या शिव्या मराठीत असल्यानं फक्त मलाच कळायच्या. पण महिन्याभरात त्यांची टक् आणि माझा घण यांचा ताल जमला. समोरासमोर उभं राहून, एक शब्द न बोलता आम्ही कोयंडे, कड्या, दिव्याचे आकडे घडवले. लोक टाळ्या वाजवायचे. इतकी सुखी मी त्याआधी कधी नव्हते, हे आज सरळ लिहून टाकते.

पण स्वभाव कुठं जातो? शेवटची सफाई मनासारखी होईना की त्या मोठा हातोडा उचलायच्या, "फक्त दोन घाव." ते दोन कधीच नसायचे. ऑगस्टमधल्या एका दुपारी, भरल्या गर्दीसमोर, त्यांनी हात वर नेला आणि तो मध्येच थांबला. हातोडा त्यांच्या पायाशेजारी पडला. "पाउझे!" मधली सुट्टी, असं त्या लोकांना हसून म्हणाल्या आणि तंबूच्या मागं गेल्या. मी गेले तेव्हा त्या डाव्या हातानं उजवा हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं.

हिवाळ्यात शस्त्रक्रिया झाली. हात वाचला, पण हातोडी, छोटीसुद्धा, जन्मात धरायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्या हिवाळ्यात ताई हळदीकुंकवाला आल्या नाहीत. क्लाऊसचे फोन त्यांनी उचलले नाहीत. मी गेले की चहा मिळायचा, कंपनीतलं बोलायच्या, भट्टीचा विषय निघाला की उठून भांडी लावायच्या. श्रीकांतदादांनी हळूच सांगितलं की तिनं तिचे जत्रेत घालायचे तागाचे कपडे तळघरात नेऊन ठेवलेत. ताई आता परत येणार नाहीत, हे आम्ही सगळ्यांनी मनाशी समजून घेतलं. ऐरण माझ्याकडे आली, आणि मला ती नको होती.

आता ताई आणि दादा पुण्याला असतात. दादांच्या आई एकट्या होत्या, त्यामुळं जायचं ठरलंच होतं. आठवड्याला फोन होतो, अर्धा फोन मी काय चुकीचं घडवलं यावर जातो. पण डोळे मिटले की मला त्या दिसतात त्या जायच्या आधीच्या उन्हाळ्यातल्या, पहिल्या शनिवारच्या.

भाता ओढायचं काम आमच्याकडे सगळ्यात नव्या माणसाचं. हवा कमी-जास्त करायची, धूर खायचा आणि गप्प बसायचं, एवढंच त्यात असतं. त्या दिवशी क्लाऊसनी युनिव्हर्सिटीतला एक नवखा विद्यार्थी तिथं बसवला होता. मी भट्टी पेटवत होते, आणि गर्दीतून ताई आल्या. अंगात तागाचे कपडे, डोक्याला फडकं. त्यांनी त्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर थोपटलं, त्याला उठवलं, त्याच्या स्टुलावर बसल्या आणि भात्याचा दांडा डाव्या हातात घेतला.

मी झटकन ऐरणीपासून बाजूला झाले. "ताई, तुम्ही इकडे या. तुम्ही नुसतं सांगा, मी करते."

"ऐरणीपाशी एकच माणूस बोलतं," त्या म्हणाल्या. "उभी राहा तिथं."

मी उभी राहिले. दोरीपलीकडे लोक जमले होते. लांबवर क्लाऊस कधीचं एकच भांडं पुसत होते. सळई निखाऱ्यात होती. ताईंनी दांडा एकदा खाली दाबला, ज्वाळा उठली. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"बोल. वारा किती देऊ?"

या बाईनं ऐरणीपाशी आजवर कुणाचं ऐकलं नव्हतं. मी निखाऱ्यांकडे पाहिलं.

"थोडा कमी," मी म्हटलं.

आणि त्यांनी मुकाट्यानं कमी केला.