डब्ब्याचा आवाज

धम्मदीप तायडेचा चेहरा अकोल्यात फारसा कुणाला ठाऊक नाही, पण आवाज घराघरात पोचलेला आहे. साड्यांचा सेल, सर्कस, रक्तदान शिबिर, उद्या नळ येणार नाही, असं जे काही ऑटोवरच्या भोंग्यातून गावभर फिरतं ते बहुतेक त्याचंच. जयंतीच्या दिवसांत विहारासमोरच्या मंचावर निवेदनही तोच करतो. तिथला त्याचा आवाज मात्र निराळा. संथ, खोल, घाई नसलेला. मी त्याचा शेजारी, दोन्ही आवाज रोज ऐकणारा. भोंग्याचा आवाज पोटासाठी आणि मंचावरचा आपला, असं तो म्हणायचा.

गेल्या वर्षी त्याला मुंबईहून बोलावणं आलं. एका परदेशी पिक्चरचं मराठी करायचं होतं. एक लहान मुलगी भंगारातून जुना लढाऊ रोबोट उचलून आणते, त्याला दुरुस्त करते, आणि तो रिंगणात मोठमोठ्या रोबोटांशी भिडतो, अशी गोष्ट. पोराबाळांसकट जाऊन बघावा असा पिक्चर. मराठीत त्या रोबोटचं नाव डब्बा ठेवलं होतं, आणि डब्बा धम्मदीपच्या तोंडून बोलणार होता.

परत आला तेव्हा तो खूश होता, पण काहीतरी सलत होतं.

"भाऊ, बाकी सगळे पुस्तकातल्यावानी बोलतात. डब्बा एकटाच आपल्यासारखा," तो म्हणाला. "मले वाटलं, चांगलंच हाय. पन तिथला रेकॉर्डिंगवाला साहेब म्हने, अजून गावठी करा, अजून लांबवा, लोक हसले पाह्यजेत. मी म्हटलं, तो मरते तिथं बी? तर म्हने, तिथं बी थोडंसं."

डब्ब्याचं शेवटचं वाक्य होतं, 'मले आता उठवू नको पोरी, मी थकलो.' धम्मदीपने ते आधी हळू, घशातल्या घशात म्हटलं. साहेबाला ते 'जड' वाटलं. त्याने शेवटी आमच्याकडे बोलता बोलता सहज येतो तसा एक 'बाप्पा' जोडायला लावला आणि आवाज चढवायला सांगितला. धम्मदीपने तसंही म्हणून दिलं. आता दोन्हींपैकी कुठलं ठेवलंय ते थेटरातच समजणार होतं.

रविवारी दुपारच्या खेळाला तो, त्याची बायको माया, मुलगी खुशी आणि मी असे गेलो. डब्ब्याने पहिल्यांदा तोंड उघडलं आणि थेटर हसलं. धम्मदीपने माझ्या मांडीवर थाप मारली. दुसऱ्या वाक्याला हसले, तिसऱ्याला हसले. हळूहळू त्याची थाप बंद झाली. शेवटी रिंगणातले दिवे विझले, मुलगी गुडघ्यावर बसून डब्ब्याच्या तोंडावरचं तेल पुसायला लागली. थेटर अगदी गप्प झालं होतं.

"मले आता उठवू नको पोरी, मी थकलो बाप्पाऽऽ!"

सगळं थेटर खो खो हसलं. मागून कुणीतरी शिट्टी मारली. धम्मदीप समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत बसला.

बाहेर आल्यावर तो घरी जायला तयार होईना. गाड्या लावतात तिथे उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला लागला, "कसा वाटला पिक्चर?"

"मारामारी जबरदस्त," गाडीला किक मारत एक जण म्हणाला. "बोलनं कमी पाह्यजे होतं."

"पोरं खूश तं आमी खूश," एक बाई म्हणाली. "एसी चांगला होता बाप्पा."

एक कॉलेजातला मुलगा तर हसून हसून लाल झाला होता. "डब्बा एक नंबर! सेम आपल्या साडी सेलच्या ऑटोवानी बोलते!"

मग धम्मदीपने खुशीला विचारलं. ती म्हणाली, "मले लाल रोबोट आवडला."

"अवं, तो तर दुष्ट होता."

"पन त्याचे हात भारी होते."

"येकालेबी समजलं नाही का, तो डब्बा काहून लढून राहिला होता?" तो माझ्यावर खेकसला.

"लोक पिक्चर पाहाले येतात, पेपर सोडवाले नाही," मी म्हणालो. त्यानंतर दोन-तीन दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही.

पुढच्या आठवड्यात त्याला अमरावतीहून फोन आला. सागर नावाचा तरुण तिथे वऱ्हाडी बोलीसाठी एक मंडळ चालवतो. त्याला ऑटोवर फिरवायची एक घोषणा रेकॉर्ड करून हवी होती. कसली, ते फोनवर सांगितलं नाही. धम्मदीप मायाला घेऊन एसटीने गेला. पुढचं सगळं मायाने मला सांगितलं.

एका कोचिंग क्लासच्या रिकाम्या खोलीत मंडळाची माणसं बसली होती. सागरने कागद पुढे केला. 'वऱ्हाडी माणसाची चेष्टा करणाऱ्या चित्रपटावर बहिष्कार घाला.'

धम्मदीपने तो पुन्हा पुन्हा वाचला. "हे तर पुस्तकी मराठीत हाय."

"जाहीर गोष्ट म्हटली का तसंच बरं दिसते, दादा."

"पिक्चर पाह्यला तुमी?"

"पुरा नाही. मोबाइलवर तो मरते तेवढा तुकडा पाह्यला. आपल्या बोलीचा तमाशा करून ठेवला पार! कोन्या नालायकानं आवाज दिला त्याले!"

"तो आवाज माहा होय," धम्मदीप म्हणाला.

मग सागर म्हणाला, "मंग दादा, तुमी माफी मागा. आमी व्हिडिओ काढतो. लोकं तुमालेच मानतीन."

"माफी कायची? माह्या बोलीत बोललो याची? तिकडं हसले, तुमी इकडं चिडले. तो काय म्हनून राहिला ते कोनीच नाही आयकलं!" कागद टेबलावर टाकून तो उठला.

येताना बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत तो साहेबाला, सागरला, शिट्टी मारणाऱ्याला, सगळ्यांना शिव्या घालत होता. मायाने ऐकून घेतलं. ती शाळेत शिकवते, मनात एक आणि तोंडावर एक असं तिच्याजवळ नाही.

"एक सांगू? मले तिथं हसू नाही आलं, अन् रडूबी नाही आलं," ती म्हणाली. "बाप्पा त्या साहेबानं टाकाले लावला, हे खरं. पन तुमी तो शब्द भोंग्यावानी फेकला. तुमाले वाटलं असन, हसले तं हसले, कामं तरी भेटतीन."

"तूच एक बाकी राह्यली होती!" तो एवढ्या जोरात ओरडला की कंडक्टरने वळून पाहिलं.

बोरगाव गेल्यावर त्याने विचारलं, "अन् पह्यलेवाला, हळू म्हटलेला, ठेवला असता तं?"

"मले काय मालूम? तो मी आयकलाच नाही."

पिक्चर दोन आठवड्यांत उतरला. सागरच्या मंडळाने दुसऱ्या कुणाकडून तरी घोषणा करून घेतली, पण तोवर बहिष्कार घालायला पिक्चरच उरला नव्हता. पावसाळ्यानंतर मुंबईचा फोन पुन्हा आला. या वेळी स्वयंपाक करणारा रोबोट होता आणि साहेबाला 'तीच धमाल' हवी होती. धम्मदीप माझ्या ओट्यावर बसूनच बोलत होता.

"आधी मले पुरी गोष्ट सांगा," तो फोनवर म्हणाला. "अन् कुठं हसवाचं अन् कुठं नाही, ते मलेबी ठरवू द्या."

तिकडून 'कळवतो' असं उत्तर आलं.

महिना गेला, दिवाळी गेली. परवा तो पुन्हा ओट्यावर येऊन बसला, चहा घेतला नाही.

"भाऊ, मी जास्त बोललो काय?"

"नाही. बराबर बोलला तू."

"बराबर बोललो," तो चिडून म्हणाला, "तं मंग फोन काहून नाही येऊन राहिला?"