मायच्या ताटावरचा श्लोक

आमच्या घरात जेवणाआधी श्लोक म्हणायचे वडील. ताटाभोवती पाण्याचा हात फिरवायचा, एक घास काढून बाजूला ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचे. आम्ही दोघे भाऊ हात जोडून बसायचो. इथपर्यंत सगळ्यांच्या घरी सारखेच. आमच्याकडे एक गोष्ट जास्तीची होती. आमची जेवणे झाली की माय चुलीपाशी आपले ताट घेऊन बसायची. वडील हात धुऊन परत आत येत, उंबऱ्यावर टेकत आणि तोच श्लोक तिच्यासाठी पुन्हा म्हणत. मग "हं, घे आता" म्हणाले की माय पहिला घास उचलायची. बायकांच्या जेवणाला श्लोक म्हणणारा माणूस राणीसावरगावच्या त्या पट्ट्यात मी दुसरा पाहिला नाही. लोक हसायचे. वडील ऐकून घ्यायचे. माय जन्मात कधी स्वतःच्या तोंडाने श्लोक म्हणून जेवली नाही.

वडील गेल्यावर उंबऱ्यावर थोरला भाऊ बसू लागला. तो शाळेत मास्तर. मला सातवीतून काढून ढोरांमागे लावले आणि त्याला शिकवले, हे मी अजून विसरलेलो नाही. आवाज मात्र त्याचा थेट वडिलांचा.

वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या पंगतीला गहू, तेल, आचारी सगळे माझे होते. तोवर देवगाव फाट्यावर जुने ट्रॅक्टर घेऊन विकण्यात माझा जम बसला होता. पाने वाढून झाली. कोणीतरी म्हणाले, "मास्तर, होऊ द्या." माझ्याकडे कोणी पाहिलेही नाही. भावाने डोळे मिटून सुरुवात केली आणि मी वाढलेल्या पानावरून उठलो. गाव हात जोडून बसलेले आणि मी चपला शोधत होतो. माय स्वयंपाकाच्या दारात उभी होती.

मग वाटणी झाली. विहिरीचे रान दोघांनाही हवे होते. मी म्हणालो, रान तू घे, माय माझ्याकडे राहील. लोक म्हणाले, धाकट्याचे काळीज मोठे. काळजाचा काही संबंध नव्हता. भावाला रानापेक्षा माय हवी होती, हे मी ओळखले होते. समोरच्याला जे हवे ते आपल्या हातात ठेवायचे, एवढेच मी धंद्यात शिकलो.

फाट्यावरच्या माझ्या घरात मी श्लोक बंद केला. अन्न माझ्या कष्टाचे आहे, हात धुवा आणि जेवा, असे बायकोला सांगून टाकले. माय मुकाट्याने जेवते असे मी इतकी वर्षे समजत होतो. मी बाहेर पडलो की बायको तिच्याजवळ बसून हळूच म्हणायची, हे मला फार उशिरा कळले.

गेल्या उन्हाळ्यात मायचे विसरणे वाढले. ताट समोर आले की हात जोडून बसायची आणि तशीच राहायची. बायकोने श्लोक म्हटला तर मान हलवायची. "तू नको. उंबऱ्यावर कुणीच न्हाई. थोरल्याला बोलाव." भाकरी वाळून जायची.

"आवं, तुमी म्हणून बघा की," बायको म्हणाली.

माझ्या घराला उंबरा नाही, फरशी सरळ आत जाते. मी स्वयंपाकघराच्या दारात बसलो. दोन ओळी आठवल्या, पुढचे मोबाइलमध्ये बघून म्हटले. मायने डोळे उघडले.

"कोण हाय रे?"

"मी हाय, धाकटा."

"धाकटा उठून जातो," ती म्हणाली. "तू म्हणू नको. अन्न तसंच राहतं मग."

तिला तिचे गाव आठवत नव्हते, नात आठवत नव्हती. हे आठवत होते.

दुसऱ्या दिवशी जीप काढली आणि गंगाखेडवरून गावी गेलो. भाऊ ओसरीवर होता. वहिनीने पाणी आणले. मी पाऊस, कापूस असे काहीबाही बोलू लागलो.

"कशाला आलास ते बोल," भाऊ म्हणाला. "कापसाच्या गप्पा गिऱ्हाइकाला मार."

"माय जेवेना झालीय. तूच श्लोक म्हणावा म्हणती. फोनवर म्हण, मी तिच्या कानाला लावतो."

"ती फोनकडं बघत बसंल. लय लांब हाय, रोज दोन टाइम मला यायला जमणार न्हाई. तिला इथं आणून सोड. ती हाय तोवर मी म्हणतो."

त्याचे बरोबर होते. मला फक्त बरं म्हणायचे होते. पण माझ्या डोक्यात एवढेच आले की आता रानही त्याचे आणि मायही त्याची.

"मग विहिरीच्या रानाचं काय?" मी म्हणालो.

वहिनी आत जाता जाता थांबली.

"मायचा भाव करायलास व्हय?" भाऊ म्हणाला. आवाज चढलासुद्धा नाही. "चहा पिऊन जा."

मी चहा न पिता निघालो.

नंतरचे तीन दिवस मी फोनची वाट पाहिली. सौदा अडला की आपण आधी फोन करायचा नाही. ज्याला गरज असते तो खाली येतो. गरज कोणाला होती, हे मी स्वतःला विचारले नाही. बायको चमच्याने साखरपाणी घालत होती, ते ओठांवरून ओघळत होते. डॉक्टरने घरी येऊन सलाईन लावले.

"माय म्हंजी ट्रॅक्टर हाय का?" बायको म्हणाली. "कुणाची वाट बघायलाव?"

मी तिच्या अंगावर ओरडलो. फोन वाजला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मायने हात जोडायला उचलले, पण ते एकमेकांपर्यंत पोचले नाहीत. मी तिला जीपच्या मागच्या सीटवर निजवले आणि निघालो.

भावाने तिला उचलून आत नेले. मी अंगणातच थांबलो. वहिनीने पातळ वरणभात केला. मग भावाचा आवाज आला, सावकाश, वडिलांसारखा. शेवटी तो म्हणाला, "हं, घे आता." थोड्या वेळाने चमचा वाटीला लागल्याचे ऐकू आले आणि वहिनी आतून म्हणाली, "घेतला, घेतला."

रानाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. माय त्यानंतर उठून बसलेली नाही. गंगाखेडचा डॉक्टर म्हणाला की दोन-तीन दिवस आधी आणायला पाहिजे होते. मी त्याला काही सांगितले नाही. ती निजूनच अर्धी वाटी खाते. भाऊ दोन्ही वेळा श्लोक म्हणतो. आठवड्यातून एकदा मी जाऊन येतो. भाऊ तिला सांगतो, "तुझा धाकटा आलाय." ती माझ्याकडे पाव्हण्याकडे बघावे तसे बघते. वहिनी ताट वाढायला घेते तेव्हा मी सांगतो, गंगाखेडला जेवून आलो. जेवलेलो नसतो.

परवा घरी बायकोला म्हणालो, श्लोक म्हण.

"तुमीच म्हणा. आता मी काय म्हणू?" ती म्हणाली.

मला आता पूर्ण पाठ आहे. हात जोडले, पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीला भावाचा आवाज कानात आला. तो उंबऱ्यावर बसलेला, मी अंगणात उभा. मग ती शाळा, मग ते रान, आणि छातीत तीच जुनी आग. मायला तीन दिवस उपाशी कोणी ठेवले, हे मला पक्के ठाऊक आहे. तरी राग भावाचाच येतो. पुढची ओळ काही केल्या निघेना. हात सुटले. बायकोने भाकरी मोडली.