आत्याबाईंनी पाहिलेला टोपीवाल्यांचा सिनेमा

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, समोर येईल त्या माणसाला सगळ्यात आधी त्याचं गाव विचारायच्या. नाव नंतर, कामधंदा त्याहून नंतर. मला बघायला आल्या तेव्हा मी ऐटीत सांगितलं, "गुलमंडी." त्यावर म्हणाल्या, "गुलमंडी बाजार झाला, माय. गाव कंचं?" आमच्या कैक पिढ्या त्या बाजारातच गेलेल्या. पण वडिलांनी पैठणकडच्या कुठल्याशा खेड्याचं नाव आठवून सांगेपर्यंत त्यांनी पोह्यांना हात लावला नाही.

पुढे गंगापूरकडची शेती धाकट्या दिरांवर सोपवून त्या शहरात, सिडकोतल्या आमच्या घरी राहायला आल्या आणि या सवयीनं मला घाम फोडला. सिलिंडरवाला, मीटर बघणारा, कर्ज घ्या म्हणून फोन करणारी मुलगी, कुणी सुटायचं नाही. त्या मुलीचं आजोळ वैजापूरजवळचं निघालं. कर्ज राहिलं बाजूला आणि दोघी कांद्याच्या भावावर बोलत बसल्या. मी कुरकुर केली की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "गाव कळल्याबिगर माणसासंगं बोलायचं कसं?"

माझ्या नवऱ्याला जुन्या इंग्रजी सिनेमांचं वेड, त्यातही घोडे, टोप्या आणि बंदुका असलेल्या सिनेमांचं. उन्हाळ्यातल्या एका रविवारी दुपारी असाच एक गाजलेला सिनेमा टीव्हीवर हिंदीतून लागला होता. आत्याबाई शेंगा फोडत बसल्या होत्या, सिनेमासाठी काही बसलेल्या नव्हत्या. पडद्यावर धूळ उडाली तेव्हा फक्त म्हणाल्या, आपल्याकडच्या वैशाखासारखंच दिसतंय की. मग टोपीवाला नायक घोड्यावरून वस्तीत शिरला. रस्त्यावरची माणसं नुसती टकामका बघत राहिली, गुत्त्यातली माणसंही तशीच. आत्याबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि विचारलं, "हा कंच्या गावचा?"

नवरा म्हणाला, ते कुणालाच माहीत नसतं, त्यातच तर गंमत आहे. त्यांना गंमत काही दिसेना. कुणी विचारलं का त्याला, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. सिनेमाभर माणसं पटापट मरत होती आणि दर मढ्यामागे आत्याबाईंचा प्रश्न येत होता, "आता तरी इचारलं का?" शेवटी नायक आणि खलनायक भर रस्त्यात समोरासमोर उभे ठाकले. हात कमरेशी, नजरेला नजर. नवरा श्वास रोखून बसलेला. आत्याबाई म्हणाल्या, "एवढा येळ हुबे हायेत, तर एकानं तरी तोंड उघडावं का नाय? सोयरे निघाले असते."

गोळी सुटली, खलनायक पडला आणि नायक एकटाच निघून गेला. आत्याबाईंनी निकाल दिला, "माणूस लई चांगला होता. गाव इचारणारं कुणी भेटलं नाय, म्हणून बंदूक घिऊन हिंडायलाय." आम्ही हसून हसून बेजार झालो. पुढे कितीतरी दिवस येईल त्या पाहुण्याला हा किस्सा ऐकवत होतो.

त्याच उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्यांची अफवा उठली. मोबाइलवर रोज नवे फोटो, रोज नवी टोळी. एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी गलका झाला म्हणून आम्ही दोघी फाटकाशी आलो. एका किडकिडीत माणसाला घोळक्यानं घेरलं होतं. त्यानं रस्त्यात एका लहान मुलीला थांबवून काहीतरी विचारलं होतं म्हणे. ओठ फुटलेला, शर्ट टराटरा फाटलेला. किसका आदमी है, कितने लोग हैं, असं दहा तोंडं एकदम विचारत होती आणि भीतीनं त्याची वाचा बसली होती. तो बोलत नाही म्हणजे चोरच, असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. आमच्या किराणावाल्या शिंद्यांच्या हातात शटर ओढायचा लोखंडी दांडा होता. मी पोलिसांना फोन लावला. तो लागेपर्यंत आत्याबाई डोक्यावर पदर घेऊन चालायलाही लागल्या होत्या. मी फोन कानाला लावून मागोमाग.

म्हातारं माणूस बघून लोक सरकले. आत्याबाई त्या माणसासमोर उभ्या राहिल्या आणि मीटर बघणाऱ्याला विचारावं तशा सुरात म्हणाल्या, "कौनसे गाँव का है रे तू?"

त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्याच्या तोंडून एक नाव आलं, आमच्यापैकी कुणी कधी न ऐकलेलं.

"किधर आया ये?"

"बिहार में, माई."

"नदी है क्या तुमारे गाँव को?"

नदी होती. दरवर्षी पूर यायचा, शेत घेऊन जायचा. घरी कोण कोण, हे विचारल्यावर तो रडायलाच लागला. आई होती, बायको होती, तान्ही लेक होती. चितेगावच्या एका कंपनीत लागला होता, त्यांना इकडे आणायचं म्हणून भाड्याची खोली शोधत होता. त्या मुलीला त्यानं तेवढंच विचारलं होतं. गलका केव्हाच थांबला होता आणि सगळी गल्ली ऐकत होती.

आत्याबाई वळल्या. "शिंदे, गाव आयकलं नव्हं तुमी? आता पाव्हणा झाला तो. दांडा ठिवा आन् पाणी आना."

शिंदे जागचे हलले नाहीत. मग त्यांनी दांडा भिंतीला टेकवला, दुकानात गेले आणि तांब्या भरून घेऊन आले. पोलिस पोचले तेव्हा तो माणूस आमच्या पायरीवर चहा पीत होता.

आत्याबाई गेल्या, त्याला आता बराच काळ झाला. मी बाजारातली, त्या शेतावरच्या. आमचं सगळ्याच बाबतीत पटलं असं नाही. पण गल्लीत त्यांचं नाव निघालं की माझी मान ताठ होते, आणि मी त्यांची सून आहे हे मी कुणी न विचारताच सांगते.

त्या दिवशी पोलिस गेल्यावर घरात आलो, तेव्हा बशीत ओतताना त्यांच्याकडून निम्मा चहा बाहेर सांडला. मी ओतून दिला आणि विचारलं, भीती नाही वाटली का?

"वाटली की. लई वाटली," त्या म्हणाल्या. "भ्या वाटतं तवाच तर गाव इचारायचं असतंय, माय. नाय इचारलं तर हातात दांडा येतो."