पायाळू देवरामाची पाठ

...तर काल कुठवर आलो होतो? हां, देवरामाने उसण भरलेल्या चांगोला उंबऱ्यावर पालथा घातला, तिथवर. वैशाखरे गावचा देवराम पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेला. अशाचा पाय लागला की उसण पळते, म्हणून पार मुरबाडहून माणसं यायची. त्याने चांगोच्या कमरेला डावा पाय तीनदा लावला. चांगो टुणकन उठला, आणि देवराम जो कमर धरून खाली बसला तो बसलाच.

"चांग्यानं त्याची उसण माझ्यात सोडली!"

चांगोने पाठवलेली काकडीही त्याने खाल्ली नाही. म्हशीला घातली आणि दोन दिवस म्हशीवर नजर ठेवून राहिला.

"म्हस ठणठणीत हाये," त्याची बायको हिरी म्हणाली. "आता तुमी डॉक्टरकडं चला."

मुरबाडच्या डॉक्टरने पाठ बघण्याआधीच विचारलं, "मागे ताप आला होता? साखर आहे?"

देवराम सावध झाला. दुखतंय कमरेत, नि हा रक्ताच्या गोष्टी करतो! रक्त तपासणाऱ्या लॅबवाल्याशी याचं नक्की संधान. "ताप नाय, साखर नाय."

"गणपतीत तापानं तीन आठवडे सांधे धरून निजला ते?" हिरी म्हणाली. "नि साखरेच्या गोळ्या कणगीत कोणी लपवल्या?"

लपवणार नाही तर काय? साखर झालेल्या पायाळूकडे कोण पाठ घेऊन येणार?

डॉक्टर हसला नाही. "दोन मणक्यांमध्ये गादी असते. जुनी साखर तिला झिजवू शकते, तापाची सूज रेंगाळली तर तीही त्रास देऊ शकते. तुमचं त्यानेच झालं असं आज नाही सांगत, म्हणून तर तपासायचं. आणि तुमच्याकडे लोक पाठ घेऊन येतात ना, त्यांच्यात कुणाला ताप असेल, पाय बधिर होत असतील, तर त्याच्या पाठीला पाय लावू नका."

परतताना जीपमध्ये देवराम हिरीकडेसुद्धा तिरक्या डोळ्याने बघत होता. गोळी मात्र घ्यायला लागला.

आठ दिवसांनी गावातली सकुबाई कमर धरून आली. भाताची लावणी तोंडावर आलेली. आल्या आल्या उंबऱ्यावर पालथी पडली.

"लाव रे दादा पाय. का चांगो म्हणतो तशी तुझी पावर गेली?"

अंगणात चारजण टपून उभे. आज माघार घेतली की पायाळूपण संपलं. देवरामाने पाय उचलला. तो तसाच अधांतरी राहिला. मग त्याने तो हळूच जमिनीवर टेकला, थेट त्या डॉक्टरसारखे डोळे बारीक केले आणि म्हणाला, "उठ गो सकू. आधी खरं सांग, ताप कवा आल्ता, नि गोळ्या कुठं लपवल्यास?"