टाकी किती माणसांची?

विट्याच्या पुढं आमच्या गावचा फाटा आहे. तिथल्या लिंबाखाली एसटीची वाट बघत आम्ही तिघं उभे होतो, माझे वडील आबा, आई आणि मी. मी एकोणीस वर्षांचा, तामिळनाडूत सेलमला मामाच्या गलाईच्या दुकानात निघालेला. गलाई म्हणजे सोन्याचांदीची मोड वितळवून, ॲसिडात धुऊन चोख करायची. आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक भावकीतला कुणीतरी याच धंद्यापायी कुठल्या तरी लांबच्या गावात जाऊन पडलेला असतो. आई रडत नव्हती, पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होती. एसटी दिसली तसे आबा म्हणाले, "कॅनॉलला पानी आलं की परत ये रं. मग हितंच बागायत करू."

मी "व्हय" म्हणालो. कॅनॉल ही तेव्हा निवडणुकीच्या भाषणातली गोष्ट होती, त्यामुळे हो म्हणायला माझं काही जात नव्हतं.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितोय आणि माझ्यासारखे बाहेर पडून तिकडचेच झालेल्यांसाठीही. विषय संडासाचा आहे. नाक मुरडायचं तर मुरडा, पण वाचा.

सेलमला मला सगळे 'सेट' म्हणतात, म्हणजे आपला शेठ. दुकानावरच्या मजल्यावर आमचं घर आहे. माझी मुलगी तिच्या आईशी तामिळमध्ये भांडते आणि माझ्याशी मराठीत लाडीगोडी लावते. सांबाराबरोबर मी ठेचा खातो, त्याला आता कुणी हसत नाही. फ्लश दाबला की काम संपलं. ते पुढं कुठं जातं, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातही आलं नाही.

आणि एके दिवशी कॅनॉलला खरंच पाणी आलं. आबांनी पाटावर उभं राहून फोन लावला आणि पाण्याचा आवाज ऐकवला. "दिल्या, आलं रं पानी! आयकतूयास न्हवं?" ऐकत होतो. पण मी म्हणालो, "दिवाळीनंतर बघू, आबा." कुठली दिवाळी ते मी बोललो नाही. आबांनीही विचारलं नाही.

कुसळं उगवायची तिथं ऊस उभा राहिला. मात्र त्यानंतर घरामागचा संडास तुंबायला लागला. त्याचा शोषखड्डा आबांनीच दुष्काळात मुरमात खणला होता. "कितीबी वता, गिळतुया," असं ते कौतुकानं सांगायचे. आता भांड्यातलं पाणी उलटं वर यायचं. मला वाटलं, खड्डा जुना झाला, भरला असेल. बघू पुढच्या खेपेला.

त्या बघू-बघूमध्ये माझ्या आईनं पाणी पिणं सोडलं. गुडघे गेलेले, उसात जाऊन बसणं जमेना, आणि कुणाला सांगायची लाज. म्हणून सकाळी अर्धा कप चहा आणि दिवसभर नुसते ओठ ओले करायचे. संध्याकाळचं जेवणही बंद. लघवीला जळजळ झाली, ताप चढला, तेव्हा आबांनी तिला विट्याच्या दवाखान्यात नेलं. सलाईन लागल्यावर मला फोन केला. "तुज्या आयेनं पानीच पियाचं सोडलं व्हतं रं."

भट्टी पेटलेली होती, गिऱ्हाईक समोर होतं, आणि मी खाली बसून हुंदके देत होतो. पाण्यासाठी गाव सोडलं होतं. आता दारात पाणी होतं आणि आईला ते पिता येत नव्हतं, तेही माझ्या आळसापायी. मला स्वतःची शिसारी आली.

मग मी मोबाईलवर टाक्या शोधायला लागलो. दोन खड्ड्यांची, विटांची, सिमेंटच्या कड्यांची, तयार प्लास्टिकची. बघावं तितका गोंधळ वाढत होता. विकणारा प्रत्येक जण दोनच गोष्टी विचारायचा, जमीन कशी आणि माणसं किती. जमीन कशी, हे मला कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. "कोरडा मुरूम," मी सांगितलं. माणसांचं आबांना विचारलं. ते लगेच म्हणाले, "धा धर." मीही धरली. सगळ्यात मोठी तयार प्लास्टिकची टाकी पाठवून दिली आणि जीव भांड्यात पडला.

टाकी पुरून पंधरा दिवस झाले असतील, कॅनॉलला आवर्तन सुटलं. आबांचा फोन आला. "टाकी वर आलीय." मला कळेना. त्यांनी फोटो पाठवला. फरशा उचकटून ती काळी टाकी अंगणात वर आली होती, डबक्यातून म्हैस उठावी तशी. पाईप तुटले होते. दवाखान्यातून आल्यावर आई कुठं पाणी प्यायला लागली होती आणि टाकी वर आली त्या दिवसापासून तिनं पुन्हा तांब्याला हात लावला नव्हता. मी दुकान बंद करून निघालो. वाटभर एकच भीती होती, मी पोचेपर्यंत काय होईल?

घरी पोचलो तर बशीरभाई गवंडी अंगणात उकिडवे बसले होते. आमचं घर यांच्याच हातचं. त्यांनी हातभर खड्डा खणून ठेवला होता आणि तो पाण्यानं भरला होता.

"कोरडा मुरूम कुनी सांगितला तुला?" ते म्हणाले. "त्यो तू गेलास तवा व्हता. आता कॅनॉलपायी हातभरावर पानी हाय. जुना खड्डा जिरवंल कुठं? आन ही टाकी मोकळी व्हती म्हनून वर आली. पुरताना पान्यानं भरायची व्हती. दोन म्हाताऱ्यांनी धा मान्सांची टाकी कवा भरायची, गड्या?"

मी मान खाली घातली. ज्या गावासाठी मी टाकी निवडली, ते गाव केव्हाच राहिलं नव्हतं.

बशीरभाईंनी उपाय सांगितला. विटांची पक्की टाकी, तीन कप्प्यांची, निम्मी जमिनीच्या वर. संडास आईच्या खोलीला लागून, जोत्याच्या उंचीवर. टाकीतून येणारं पाणी जमिनीत सोडायचं नाही, खडीच्या उंच वाफ्यात सोडायचं आणि वाफ्यात कर्दळ लावायची. विहिरीपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब. सगळं पटलं. मग त्यांनी टेप काढला आणि आबांकडं बघितलं.

"आबा, आता खरं सांगा. घरात मान्सं किती धरू?"

आबा माझ्याकडं बघत होते. मी "दहा" म्हणायला हवं होतं. निदान "पाच" तरी, कारण आम्ही तिघं आणि ही दोघं मिळून पाचच होतो. मुलीची शाळा, दुकान, बायकोचं तिथलं सगळं डोळ्यांपुढं आलं आणि तोंड उघडेना. मग आबाच बशीरभाईंना म्हणाले, "दोनच धर."

खोलीतून आईचा आवाज आला. "आन ह्यो आल्यावर?"

"त्याची नका काळजी करू, वैनी," बशीरभाई टेप सोडत म्हणाले. "पावन्यांचं काय, चार दिस टाकी सोसती."

ते सहज बोलले. मी मात्र घरामागं जाऊन, तोंडात रुमाल कोंबून रडलो.

टाकी होईपर्यंत मी तिथंच राहिलो. आता आई पाणी पिते. फोनवर मोजून सांगते, "आज चार तांबं प्याले बग." कर्दळीला लाल फुलं आलीत म्हणे. तेवढं ऐकलं की मला त्या दिवशी झोप लागते.

पण आबा आता "परत कवा येनार?" असं विचारत नाहीत. मी येतोय म्हटलं की त्यांचा प्रश्न असतो, "किती दिस हायस?"