आबांची बिनभाकरीची कोंबडी

एक होतं कोल्हापूर. तिथं गूळ रांधणारे आबा, त्यांची बायको गंगू आणि त्यांची एकुलती एक लेक चिमा, म्हणजे मी, असे तिघं राहत होतो. महाराजांचं राज्य होतं, आणि आमच्या घरात मरण येऊन बसलं होतं. त्या दिवसांचे किस्से इतके साठलेत, की कुठला आधी सांगू असं होतं.

आबांच्या लघवीला मुंग्या लागायच्या. शेजारच्या हकीमचाचांनी ती रांग बघितली. म्हणाले, ह्याला औषध नाही. भात, भाकरी, गूळ बंद. निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी खा, मरण जरा लांबेल.

आईनं विचारलं, "ह्ये पोरीचं लगीन तरी बघत्याल का?"



*

सळई चाचांनीच दिली. तुकडे दह्यात, आलं-लसणात मुरवायचे, सळईला टोचायचे, निखाऱ्यावर फिरवायचे. आईनं पहिल्या दिवशी सळई जाळातच धरली. वरून कोळसा, आत कच्चं!

आबांनी गुमान खाल्लं आणि म्हणाले, "रोगाच्या आधी तूच पोचवशील की मला."

*

गल्लीतल्या बायका म्हणायच्या, मरायला टेकलाय, तरी रोज कोंबडी लागती. आमच्या अंड्यावरच्या सहा कोंबड्या एकेक करून सळईवर गेल्या. सातवी माझी लाडकी. ती मी कणगीत लपवली. आबांनी तिचा आवाज ऐकला आणि भूक नाही म्हणून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी मीच ती आईच्या हातात दिली.

*

तीन महिने झाले तरी मुंग्या हटेनात. आबांच्या पायाचा अंगठा काळा पडला, कापावा लागला. कुठं चुकतंय ते बघायला चाचांनी आईला समोर बसवून सगळं करायला लावलं. तुकडे बरोबर, निखारे बरोबर. मग आई कोंबडीचे तुकडे बुडवून खायची चटणी वाटायला बसली. चिंच, मिरची, आणि सवयीनं मूठभर गूळ.

"वैनी, ह्ये काय?"

"चवीपुरता हाय की," आई म्हणाली, आणि तिचा हात पाट्यावरच थांबला.

त्या दिवसापासून चटणी दही-पुदिन्याची. आई मात्र कितीतरी दिवस आबांच्या पायाकडं बघत नव्हती.

*

दोन वर्षांनी पेठ वडगावहून पावणं आलं. मी पसंत पडले. तोंड गोड करायला मुलाच्या वडिलांनी साखरेची चिमूट आबांच्या ओठाला लावली. आबांनी तोंड मिटून घेतलं. आई दारात रडायला लागली. मग आबांनीच खालमानेनं आपलं दुखणं सांगितलं.

मुलाच्या वडिलांनी चिमूट खाली टाकली. हळूच म्हणाले, "इवाई, तुमच्या ताटातलं काय आसंल तर आणा. मलाबी त्योच रोग हाय. घरात अजून कुणाला सांगितलं न्हाय."

आणि दोन्ही व्याह्यांनी एकमेकांना कोंबडीचा तुकडा भरवून माझं लग्न पक्कं केलं.