वडगावची यल्लाक्का आणि ते चौघे

प्रिय अनया आणि रोहन,

गेल्या रविवारी फोनवर मी म्हणाले, "यल्लाक्का गेली," आणि तुम्ही दोघांनी एकदमच विचारलं, "आजी, कोण यल्लाक्का?" प्रश्न बरोबर होता. तुम्ही तिला कधी भेटला नाहीत. पण तुमच्या दोन सुट्ट्यांमधली एक वस्तू तिने तुमच्यापेक्षा जास्त वापरली. ते सगळं नीट आठवतं आहे तोवर लिहून ठेवते. एका बैठकीत लिहीत नाही, रोज सकाळी पूजा झाल्यावर थोडं थोडं लिहिते आहे. तारखा देत नाही, कारण त्या मला खात्रीने आठवत नाहीत.

यल्लाक्काची एक खोड होती. समोर बाई आली की ती आधी तिच्या पदराला हात लावायची आणि मग तोंडाकडे बघायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये. मी तेव्हा आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवत होते. साड्यांचं गाठोडं काखेत घेऊन ती आत आली, माझा पदर दोन बोटांत धरून उलटा केला आणि म्हणाली, "बाई, ही मागावरची म्हनून दिली व्हय तुमास्नी? मशीनची हाय. फशिवलं." इतर शिक्षिका हसल्या. मला राग आला होता. पण त्यानंतर तीस वर्षं मी नेसायच्या साड्या तिच्याकडूनच घेतल्या.

वडगावात तिच्या गल्लीत घराघरात पॉवरलूम होते. तिच्या घरातही मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन होते, ते तिचा मुलगा परशुराम चालवायचा. त्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे यल्लाक्काला ऐकू फार कमी यायचं. ओठ बघून आणि अंदाजाने ती बोलणं ओळखायची. स्वतः मात्र पुढच्या खोलीतल्या हातमागावर बसायची. तो जमिनीत खड्डा करून बसवलेला जुना माग होता. पाय खड्ड्यात दाबायच्या पट्ट्यांवर, एका हाताने दोरी ओढून आडवा धागा नेणारा धोटा पळवायचा, दुसऱ्या हाताने तो धागा बसवायला फणी ठोकायची. त्या मागावर तिच्याशिवाय कोणी बसत नसे. सून सुमन अठरा वर्षं त्या घरात धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत होती, पण तिलाही बसू दिलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "माग म्हंजे चूल न्हवं बाई, कुनीबी यावं आनि बसावं." हा तिचा दोष होता. तोही लिहायलाच हवा.

मग तिला झटका आला आणि डावी बाजू गेली. मी भेटायला गेले तेव्हा ती खाटेवर होती आणि मागावर अर्धी विणलेली साडी जुन्या चादरीखाली झाकलेली होती. डॉक्टरांनी हातात दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो तिने खाटेखाली टाकला होता.

"दाबत का नाहीस?" मी विचारलं.

"दाबून काय निघतंय त्यातनं? दूध?"

परशुराम दारात उभा होता. तो वाईट माणूस नव्हे. म्हणाला, "बाई, तुमीच सांगा आता तिला. खड्ड्यात उतरायला येत न्हाय, चढायला येत न्हाय. खंडेनवमीला मागाची पूजा करतो आनि दुसऱ्या दिवशी काढून खड्डा बुजवतो. पुढं शटर घालून झेरॉक्सचं दुकान हुतंय."

यल्लाक्काने त्याचे ओठ वाचले. "मागावरची साडी पुरी करीन आनि मग मी हून उतरीन," ती म्हणाली. "तंवर हात लावायचा न्हाय."

खंडेनवमीला तेव्हा साडेचार महिने होते.

व्यायाम करून घेणारे डॉक्टर माझ्या घरापासून तिसऱ्या इमारतीत बसत. आठवड्यातून तीनदा सुमन तिला रिक्षाने आणायची आणि परत जाण्याआधी दोघी माझ्याकडे चहाला थांबायच्या. अशाच एका दुपारी मी डांबराच्या गोळ्या ठेवायला तुमच्या खोलीतलं मोठं कपाट उघडलं होतं. आत तुमच्या बाबांनी आणलेला आणि सामान जास्त झालं म्हणून इथेच राहिलेला तो खेळ होता. प्लास्टिकची गिटार, चार रंगांच्या थाळ्यांचा ड्रम, तो वाजवायच्या दोन काठ्या आणि ड्रमच्या खाली पायाने दाबायची पट्टी. यल्लाक्का भिंतीला धरून दारापर्यंत आली. आधी त्या पट्टीकडे बघितलं, मग थाळ्यांकडे.

"हात बी हाय, पाय बी हाय. ह्यो कसला माग म्हनायचा?"

मी सांगितलं की माग नव्हे, खेळ आहे.

"लावा."

लावणं सोपं नव्हतं. मी पुस्तिका दोनदा वाचली, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलने रेघा मारल्या आणि तिसऱ्या दिवशी टीव्हीवर चित्र आलं. तुम्हाला हा खेळ माहीत आहे, तरी मला समजला तसा सांगते. त्या जगप्रसिद्ध इंग्रजी बँडची गाणी त्यात आहेत. गाणं सुरू झालं की वरून रंगीत पट्ट्या खाली सरकत येतात आणि पट्टी रेघेवर पोचली की त्याच रंगाची थाळी वाजवायची. आडवी लांब पट्टी आली की पाय दाबायचा. फार चुकलं की गाणं बंद पडतं. पडद्यावर बँडमधल्या चौघांची चित्रं नाचत असतात. मला त्यांची चार-पाच गाणी कॉलेजपासून पाठ आहेत. यल्लाक्काला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तिने आवाज बंद करायला लावला. "तुमच्या डोक्याला उगंच ताप," म्हणाली. पट्ट्या मात्र तिने पहिल्या मिनिटात ओळखल्या. पदराची नक्षी चढते तशाच त्या येतात, तिचं म्हणणं. डाव्या हातात काठी धरवेना, म्हणून सुमनने साडीच्या जुन्या मऊ काठाने ती मनगटाला बांधली.

ते चौघे कोण, हेही तिला कळायला हवं होतं.

"एका घरची हाइत?"

"नाही. मित्र. नंतर भांडले आणि वेगळे झाले."

"मग वाटनीत माग कुनाला गेला?"



पहिले तीन आठवडे एकही गाणं पुरं झालं नाही, सर्वांत सोप्या पातळीवरसुद्धा नाही. आणि कारण तिचा हात नव्हता. डावा हात उशिरा पडायचा हे खरं, पण उजवा हात आणि पाय इतके चोख होते की गाणं तरून जायला हवं होतं. एक पट्टी चुकली की ती दोन्ही हात खाली घ्यायची आणि थांबायची. पुढच्या दहा-बारा पट्ट्या तशाच निघून जायच्या आणि गाणं बंद पडायचं. मला आधी वाटलं ती दमते. मग एकदा ती थांबल्यावर तिची उजवी बोटं चिमटीसारखी हलताना दिसली, आणि मला कळलं की ती तुटलेला धागा शोधते आहे. मागावर धागा तुटला की हात थांबतोच. गाठ मारल्याशिवाय विणकर एक ओळही पुढे जात नाही. तिच्या हाताला साठ वर्षं हेच वळण होतं.

"यल्लाक्का, चुकलं तर चुकू दे. पुढे चल," मी तिच्यासमोर उभी राहून मोठ्याने म्हणाले. वर्गात कविता म्हणताना मुली अडखळल्या की मी हेच सांगायची.

"तुटका धागा तसाच टाकून? तुमच्या शाळेत चालत आसंल बाई. आमच्यात न्हाय."

पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. तिने मान उडवून विचारलं, "काय म्हनत्यात?"

"हरलात म्हणतात."

"त्येंनी कशाला म्हनायचं? लावा परत."

हे 'लावा परत' मी त्या पावसाळ्यात किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. दुपारी मला एक झोप लागते हे तुम्हाला माहीत आहे. ती मी त्या चार महिन्यांत सोडली.

पुस्तिकेत मी रेघ मारलेली एक ओळ होती. दोघं मिळून खेळत असतील आणि एक जण बाद झाला, तर दुसरा आपल्या चांगल्या खेळीवर त्याला परत आणू शकतो. त्यासाठी गिटार उभी उचलायची. मी गिटार गळ्यात अडकवून पाहिली. माझा अंगठा वेळेवर वळेना, आणि यल्लाक्काच्या आधी मीच बाद झाले. यल्लाक्का हसून म्हणाली, "बाई, तुमी खडूच धरा." कोपऱ्यात बसलेल्या सुमनने तेव्हा चहाची कपबशी खाली ठेवली. ती कधी काही बोलायची नाही, म्हणून तिच्याकडे माझं लक्षच नसायचं. ती उठली, माझ्याकडून गिटार घेतली आणि म्हणाली, "मी बगतो जरा." तिकडे बायकाही 'मी बगतो, मी म्हनलो' असंच बोलतात, तेव्हा गोंधळू नका.

तीन दुपारी तिने सराव केला. चौथ्या दुपारी दोघी मिळून बसल्या. गाण्याच्या मध्यावर यल्लाक्काची एक पट्टी चुकली, हात थांबले, ती बाद झाली. सुमन वाजवत राहिली. मग तिने गिटार उभी उचलली आणि यल्लाक्काच्या पट्ट्या पुन्हा उजळल्या. यल्लाक्का पडद्याकडे बघायचं सोडून सुनेकडे बघत राहिली. अर्थात गाणं गेलं.

"तुला कुनी सांगितलं मधी पडायला?"

सुमन तिच्यासमोर येऊन उभी राहिली, ओठ दिसावेत अशी. "आत्ती, तुमी थांबला की गानं माज्याबी हातातनं जातंय. मी नुसतं बगत बसू? अठरा वर्सं बगितलं की."

यल्लाक्काने मनगटावरची पट्टी दाताने घट्ट केली.

"लावा परत."

त्या दिवशी नाही, पण पुढच्या आठवड्यात गाणं पुरं झालं. यल्लाक्काचा धागा सात-आठ वेळा तरी तुटला असेल. ती थांबली नाही. दोनदा बाद झाली, दोन्ही वेळा हात हवेत तयार ठेवून तिने सुमनची वाट पाहिली. गाणं संपल्यावर पडद्यावरचे ते चौघे वाकून नमस्कार करत होते, आणि यल्लाक्का त्यांच्याकडे न बघता पदराने घाम पुसत सुमनला म्हणाली, "मागनं सांधनारं मानूस आसंल, तर फुडं जायला काय हरकत न्हाय."

दोन दिवसांनी मी वडगावला गेले तेव्हा चादर काढलेली होती. परशुराम आणि सुमनने तिला दोन्ही बाजूंनी धरून खड्ड्यात उतरवलं. एकदा उतरली की सारखं चढणं शक्य नव्हतं, आणि उभा धागा तुटला की तो सांधायला मागाच्या मागे जावंच लागतं. "सुमन, मागं बस," ती म्हणाली. "तुटला की सांध. मी उठनार न्हाय." त्या मागाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मी पहिल्यांदाच पाहिला. डाव्या हाताने दोरी धरवेना म्हणून दोरीला काठाच्या पट्टीचा फास केला होता. पूर्वी ती एका दिवसात जेवढं विणायची तेवढ्याला आता आठवडा लागत होता. पाठ धरायची. ती दिवसातून चार वेळा सुमनवर खेकसायची, "गाठ मोठी झाली, सोड, परत मार," आणि सुमन सोडून परत मारायची. डॉक्टर म्हणाले की हात आता आहे तेवढाच राहील. यल्लाक्का म्हणाली, "तेवढाच लागतोय."

साडी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मागावरून उतरली. हिरवी, तांबड्या काठाची. मी दिवा लावून ओळ न् ओळ तपासली. काही गाठी हाताला लागत होत्या. यल्लाक्काला त्या माहीत होत्या, तिने त्या लपवल्या नाहीत. खंडेनवमीला मागाला हळदकुंकू, झेंडूची माळ झाली. दुसऱ्या दिवशी मी दसऱ्याचं सोनं द्यायला गेले, तर गवंडी दारात वाळू टाकत होता.

यल्लाक्का खाटेवर बसली होती. तिने परशुरामला समोर बोलावलं.

"ह्यो उभ्या सुताचा ताना संपला. दुसरा जोडायचा हाय."

"आई, ठरलं हुतं आपलं."

"ठरलं हुतं ते माजं. साडी पुरी करून उतरीन म्हनलो, उतरलो. आता ती बसनार. तिचं काय ठरलंय ते तिला इचार."

परशुराम सुमनकडे वळला. तिने निऱ्या वर खोचल्या आणि ती खड्ड्यात उतरली. परशुराम बाहेर जाऊन गवंड्याला म्हणाला, "वाळू राहू दे हितं. मागल्या शेडची भिंत बघू जरा."

त्यानंतर यल्लाक्का तीन वर्षं जगली. त्या तीन वर्षांत त्यांच्या घरात काय काय झालं, कोण कुठे बसायचं, हे घरातलं आहे, ते मी लिहीत नाही. माझ्याकडे ती येत राहिली. खेळात सोप्या पातळीच्या वर कधी गेली नाही. गेल्या महिन्यात सकाळी चहा घेऊन झाल्यावर ती गेली. मी वडगावला पोचले तेव्हा गल्लीतले सगळे पॉवरलूम बंद होते. त्या गल्लीत मी पहिल्यांदाच न ओरडता बोलले.

तुम्ही विचाराल, मग आता काय उरलं? खड्डा बुजवलेला नाही. सुमन रोज सकाळी नऊला मागावर बसते आणि धागा तुटला की मागून परशुराम सांधतो.

तुमची आजी